बारा गावांच्या पाच गायी

झुंबरला वाटलं होतं, आता आपल्या आंबेखोऱ्यात दुभत्या गायी असतील, शाळा भरत असेल. सात वर्षं ती दूरच्या शहरात मावशीकडे शिकत होती. तिथवर रायाजीराजांची कीर्ती पोचली होती: बारा गावं, प्रत्येक गावाला पाच गायी, गुटगुटीत मुलं आणि एकेक पंतोजी! ते ऐकून पोरगी भारावली आणि बोचकं बांधून घरी आली.

येऊन पाहते तो गायीचं शेपूटही नाही, शेजारची पोरं काडीसारखी आणि शाळेच्या जागी एरंड माजलेला!

"बा, आपल्या गावच्या गायी कुठं गेल्या?"

भिवा सुतार रंधा मारत म्हणाला, "उद्या सकाळी येतील. राजांचा दौरा आहे ना!"

आणि खरंच आल्या! पुढे पाच गायी, मागे एक बैलगाडी. गाडीत सहा लठ्ठ पोरं, 'शाळा' लिहिलेली पाटी आणि त्या पाटीला टेकून डुलक्या घेणारे पंतोजी. ओढ्याच्या उतारावर गाडीचं चाक निखळलं होतं. ते दरवर्षी तिथंच निखळायचं आणि भिवानं ते फुकट बसवून द्यायचं, असा रिवाजच पडला होता.

झुंबरनं विचारलं, "पंतोजी, तुम्ही कुठल्या गावचे?"

"परवा बोरदऱ्याचा होतो, काल डोंगरवाडीचा. आज तुमचा!"

"आणि शिकवता काय?"

"अगं, शिकवायला सवड कुठं? सारखा प्रवास!"

भिवानं तिला बाजूला ओढलं. "गप बस, बये! कारभारी दाजीबांची माणसं आहेत ही. बोललीस तर माझी हत्यारं जप्त होतील. रंधा-करवत गेली तर खायचं काय?"

राजाची स्वारी आली, सोबत कारभारी दाजीबा. त्यानं गायी मोजल्या. "पाच! शाब्बास!" मग नेहमीप्रमाणे मुलांपुढे लाडवांचं ताट धरलं. पण मागच्या अकरा गावांतले लाडू पोटात असल्यामुळे सहाही पोरांनी तोंडं फिरवली.

"नको, महाराज! पोट दुखतंय!"

"वा!" राजा खूश झाला. "माझ्या राज्यात पोरांना लाडू नकोसे झालेत! काय ही सुबत्ता!"

झुंबर खुदकन हसली.

"कोण हसलं?"

"मी, महाराज. भिवा सुताराची झुंबर. ही सुबत्ता आमची नाही हो, पाहुणी आहे! आज आली, उद्या जाईल."

"शहरात शिकून बिघडली पोरगी!" दाजीबा कडाडले.

राजा मोठा हट्टी. "बारा गावांत साठ गायी मी या डोळ्यांनी मोजल्यात! मला खोटं पाडतेस? सूर्य मावळायच्या आत सिद्ध कर. पण साक्षीदार आणायचा नाही, कुणाकडे बोट दाखवायचं नाही आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही! नाही जमलं, तर तुझ्या बापाची हत्यारं सरकारजमा आणि तुम्ही दोघं राज्याबाहेर!"

भिवाच्या हातातला रंधा गळून पडला. दाजीबांनी मिशीवर ताव दिला. "घे! आता कर सिद्ध, मुक्यानं!"

झुंबर गायींशेजारी जाऊन बसली आणि गवताच्या काड्या मोडू लागली. राजा जेवला, झुंबर बसलेली. राजानं वामकुक्षी घेतली, तरी झुंबर बसलेलीच! भिवा दारात येरझाऱ्या घालत होता.

ऊन उतरलं. गायींच्या कासा तटतटल्या. तांबडीनं मान वर करून हंबरडा फोडला. तशी झुंबर उठली आणि एकेक करून तिनं पाचही गायींची दावी सोडली.

दाजीबांचा चेहरा पांढराफटक! "धरा! अरे, धरा त्या गायींना!"

"का हो, दाजीबा?" राजा म्हणाला. "इथल्याच ना त्या? जातील आपापल्या गोठ्यात."

गायींनी आंबेखोऱ्याच्या एकाही घराकडे ढुंकून पाहिलं नाही. शेपट्या उंच करून त्या धावल्या, त्या थेट ओढ्यापलीकडे! त्यांच्या मागे घोड्यावर राजा, राजामागे सगळा गाव आणि सगळ्यांत मागे धापा टाकणारे दाजीबा. अर्ध्या कोसावर एका वाड्याच्या मोठ्या दरवाजातून गायी आत शिरल्या, आणि पाच वासरं आपापल्या आईला लुचायला लागली. एवढ्यात गाडीतली ती सहा लठ्ठ पोरं धावत आली आणि दाजीबांच्या धोतराला लोंबकळली.

"आजोबा, आता तरी साधी भाकरी द्या! लाडू नको!"

राजानं दरवाजाकडे पाहिलं, दाजीबांकडे पाहिलं, आणि असा हसला की पागोटं खाली पडलं. "अरे देवा! मी दरवर्षी याच पाच गायी बारा-बारा वेळा मोजतोय! दाजीबा, या तुमच्या पाच आता आंबेखोऱ्याच्या, आणि उरलेल्या पंचावन्न तुमच्या खर्चानं आणायच्या, महिन्याच्या आत! पोरी, आता तोंड उघड. काय हवं?"

"सकाळी सांगते, महाराज."

दुसऱ्या दिवशी सकाळी राजा आंबेखोऱ्यात आला. पाहतो तो, ती गाडी गावाच्या मधोमध चार दगडांवर ठेवलेली! दोन्ही चाकं काढून भिवा आपल्या छपराखाली ठेवत होता. गाडीवर 'शाळा'ची पाटी आणि समोर वीस-बावीस काडीसारखी पोरं, प्रत्येकाच्या हातात दुधाचा पेला. पंतोजी मात्र त्यांच्यातच खाली मांडी घालून बसलेले.

"हे काय, पंतोजी?"

"बाराखडी आठवतोय, महाराज! झुंबरताई म्हणतात, आधी तुम्ही शिका."

"आणि चाकं का काढली ग, पोरी?"

"चाकं होती तोवर शाळा पळत होती, महाराज! आज सकाळी ठरवलं, आता हिला इथून हलू द्यायचं नाही. मीही हलणार नाही."

"बरं, पण बक्षीस?"

"आणखी अकरा गाड्या द्या. पाटी, पंतोजी, सगळं आत असू दे. फक्त..." झुंबरनं बापाकडे पाहून डोळे मिचकावले, "बिनचाकाच्या!"

राजा पोट धरधरून हसला, आणि अकरा गाड्यांचं काम त्याच सकाळी भिवा सुताराला मिळालं.