प्रतिस्पर्ध्याच्या पायाची वादी

आपल्यापेक्षा वेगाने धावणारा मनुष्य आपला वैरी असतो काय? उत्तराची घाई करू नका. आधी ही हकीकत ऐका.

फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. शिखरावर देवीचे देऊळ होते. दर चैत्रात गावातील जवान पायथ्यापासून शिखरापर्यंत धावत. जो प्रथम पोहोचे, त्याला देवीच्या गळ्यात पहिला हार घालण्याचा मान मिळे.

या शर्यतीचा एक नेम होता. धावणाऱ्यांनी जोड्या लावायच्या आणि प्रत्येकाने खाली बसून आपल्या जोडीदाराच्या घोट्याला घुंगरांची वादी, म्हणजे चामड्याची पट्टी, स्वहस्ते बांधायची. ज्याला हरवायचे, त्याच्या पायाला आधी हात लावायचा. जोडीदार नसेल, त्याला धावता येत नसे.

सिदराम आणि म्हाळू यांची जोडी ठरलेली होती. तीन वर्षे म्हाळू पहिला आला. तीन वर्षे सिदराम दुसरा.

"काय सिदराम, म्हाळूच्या टाचा आता पाठ झाल्या असतील!" पारावरची माणसे म्हणत. सिदराम हसे. घरी गेल्यावर मात्र त्याला घास गिळवत नसे.

म्हाळू एकदा सरळ मनाने म्हणाला, "सिदूदादा, तुझी पावले मागे वाजतात ना, म्हणून मी पळतो. तू नसतास तर मी वाटेत बसून कैऱ्या खाल्ल्या असत्या."

ही कृतज्ञता होती. सिदरामला ती चेष्टा वाटली. मत्सराने भरलेल्या कानात चांगला शब्दही वाकडा होऊन शिरतो.

चौथ्या वर्षी सिदरामने कच्च्या चामड्याची वादी घेतली आणि दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवली. असे चामडे भिजले की सैल पडते आणि उन्हात वाळले की आवळते, हे त्याला ठाऊक होते.

शर्यतीच्या दिवशी तो म्हाळूच्या पायाशी बसला.

"दादा, वादी ओली कशी रे?"

"देवीच्या तीर्थात बुडवून आणली आहे," सिदराम म्हणाला.

म्हाळूने हात जोडले आणि पाय पुढे केला.

आरती झाली. ऊन चढले. मग नगारा वाजला. नेहमीप्रमाणे म्हाळू पुढे निघाला; परंतु अर्ध्या चढावर त्याचा पाय जड झाला, मग बधिर झाला. वळणावरच्या खडकावर तो कोसळला. सिदराम त्याच्याजवळून गेला. थांबला नाही, वळून पाहिलेही नाही. शिखर गाठून त्याने देवीच्या गळ्यात पहिला हार घातला.

देवळाचे वृद्ध गुरव मागून चढत येत होते. त्यांनी म्हाळूच्या घोट्यात रुतलेली वादी विळ्याने कापली, बोटांनी चाचपली, म्हाळूकडून तीर्थाची गोष्ट ऐकली आणि ती वादी घेऊन ते वर आले.

"सिदराम, तीर्थ मी देतो. तुला हे कोणी दिले?"



"शिक्षा सांगा, बाबा," सिदराम म्हणाला.

"मी कोण शिक्षा देणार? हार तू घातलास. आईने तो स्वीकारला की नाही, ते तिलाच विचार."

म्हाळूचा पाय सहा महिन्यांनी बरा झाला. पुढच्या चैत्रात सिदराम त्याच्यासमोर उभा राहिला.

"म्हाळू, चुकलो. राग सोड."

"राग केव्हाच सोडला, दादा," म्हाळू म्हणाला. "पण पाय कसा देऊ?"

तो दुसऱ्या एकाशी जोडी लावून गेला. सिदराम साऱ्या जवानांपुढे फिरला. कोणी भांडले नाही, कोणी टोमणा मारला नाही. प्रत्येकाने फक्त आपला पाय मागे घेतला.

त्या वर्षी आणि त्यानंतर कधीही सिदराम शर्यतीत धावला नाही. रोज पहाटे तो एकटाच डोंगर चढे. त्याच्या पायांत बळ होते, छातीत दम होता. परंतु पुढे गाठायला कोणी नव्हते आणि मागे पाऊल वाजत नव्हते. आपण वेगाने धावतो की सावकाश, हे त्याला मरेपर्यंत कळले नाही.

तात्पर्य हेच ध्यानी ठेवावे: प्रतिस्पर्ध्याला जो कपटाने पाडतो, त्याची स्वतःची शर्यत तिथेच संपते.