अग्नी देणारा हात

पूर्वी गोदाकाठी प्रतिष्ठान नगरात अरिंदम राजाचा अंमल असताना बोधिसत्त्व एका कापडव्यापाऱ्याच्या पोटी जन्माला आला. वयात येताच तो मुलूख हिंडायला निघाला आणि तो दूर असतानाच घरी वडील गेले. घरी परतला तेव्हा नदीकाठी त्यांची राखही उरली नव्हती.

पुढे बऱ्याच वर्षांनी, परमुलखातल्या एका नदीवर तो होडीची वाट पाहत असता वाळूत चिता रचलेली दिसली. तुपाचा वास आला आणि त्याला वडील आठवले. बाजाराला जाताना ते त्याला खांद्यावर घेऊन नदी ओलांडत आणि ऐन धारेत मुद्दाम डगमगून त्याला घाबरवत. परक्याच्या मयतीला उभ्या असलेल्या बोधिसत्त्वाला रडू आवरेना.

मेलेला म्हातारा तिथला नावाडी तिंदुक. त्याचा एकुलता लेक लहानपणीच जत्रेत हरवला होता. गावची रीत अशी, की ज्याच्या हाती अग्नी, त्याच्या हाती वल्हे; चिता पेटवील त्यालाच होडी. म्हणून पुतण्या कुंभक खांद्यावर मडके घेऊन केव्हाचा तयार होता. आजारपणात काकाकडे तो फिरकलाही नव्हता. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणारे तेव्हाही होतेच. होडी मिळाली की काकूला झोपडीतून काढायचे, हे तो आधीच बोलून चुकला होता.

तिंदुकाच्या बायकोने, उत्पलीने, अनोळखी माणसाच्या डोळ्यांत पाणी पाहिले. बुडत्याला काडीचा आधार. तिने धावत येऊन त्याचा हात धरला आणि माझा हरवलेला लेक आला म्हणून सगळ्यांना सांगितले. मग हळूच म्हणाली, “नाही म्हणू नकोस, बाळा. होडी तूच घे. मला झोपडी तेवढी राहू दे.”

वडील गेल्यापासून बोधिसत्त्वाला कोणी बाळा म्हटले नव्हते. हो म्हणावे, असे त्याला मनापासून वाटले. होडीचा मोह त्याला नव्हता, त्या हाकेचा होता.

“आई, मी तुझा लेक नाही,” तो सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाला.

उत्पलीने त्याचा हात सोडला. कुंभकाने अग्नीकडे हात नेला. तेव्हा बोधिसत्त्वाने गावच्या मुख्याला विचारले, “तुमची रीत लेकाचे नाव घेते की हाताचे?”

मुख्याने लहानपणापासून पाठ असलेले ते वाक्य पुन्हा पुटपुटून पाहिले. “हाताचे,” तो म्हणाला.

“मग या बाईच्या तळहाताचे घट्टे बघा. नवऱ्याबरोबर जन्मभर हिनेच वल्हे मारले ना?”

मुख्याने घट्टे पाहून मान डोलावली. कुंभकाने मडके खाली ठेवले. बोधिसत्त्व उत्पलीच्या कोपराला धरून चितेभोवती फिरला. अग्नी तिनेच दिला. ज्वाळा उठल्या तेव्हा त्याने मनात वडिलांचे नाव घेतले.

उन्हे कलताना उत्पलीने त्याला पैलतीरी सोडले. “मागे वळून बघू नकोस,” ती म्हणाली. “बघितलेस तर मी पुन्हा बाळा म्हणेन.”

चार पावले गेल्यावर बोधिसत्त्वाने वळून पाहिले.

ही कथा सांगून शास्ते भगवान म्हणाले, “भिक्षूंनो, ती उत्पली म्हणजे आज विहारात चीवरे शिवणारी ही थेरी, वृद्ध भिक्षुणी. कुंभक म्हणजे तिला सुई ओवून देणारा हा भिक्षू. आणि तो प्रवासी मीच होतो. मायेची हाक येत असतानाही खोटे न बोलणे, ही सत्यपारमिता.”