कोनाड्यातला हत्ती

फार पूर्वी दोन गावं होती आणि दोघांच्या मध्ये एकच तळं होतं. पाऊस चांगला झाला की तळं दोघांना पुरायचं. दुष्काळ पडला की लाठ्या निघायच्या. डोकी फोडून घेऊन कंटाळल्यावर जाणत्यांनी ठरवलं, की दुष्काळात दोन्ही गावांनी आपला एकेक खेळाडू बुद्धिबळाच्या पटावर बसवावा. जो जिंकेल, त्याच्या गावाचं तळं.

त्या वर्षी तळ्यात जेमतेम एका गावापुरतं पाणी उरलं. अलीकडच्या गावाकडून कासार बसला, पलीकडून एक म्हातारा.

कासाराची एक सवय होती. समोरच्याने खेळी केली की तो उजवा हात मांडीखाली दाबून धरायचा. ही खेळी याने का केली, याचं उत्तर सापडेपर्यंत हात बाहेर काढायचा नाही. या सवयीमुळे तो आजवर हरला नव्हता.

गावाचीही एक सवय होती. आपल्या खेळाडूने मोहरा मारला की हलगी वाजवायची. विचार करणाऱ्यासाठी कुणी हलगी वाजवत नाही.

दुपारी म्हाताऱ्याने आपला हत्ती सरकवून थेट कासाराच्या वजिराच्या तिरक्या माऱ्यात ठेवला. त्या हत्तीला कुणाचाही जोर नव्हता. कासाराचा हात मांडीखाली गेला.

“फुकटचा हत्ती आहे. उचल की,” हलगीवाला म्हणाला.

“फुकटचा आहे म्हणूनच बघतोय,” कासार म्हणाला.

“हाताला मुंग्या आल्या असतील त्याच्या,” मागून कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले.

कासाराला हळूहळू दिसू लागलं. त्याचा वजीर राजाच्या दाराशी पहारेकऱ्यासारखा उभा होता. हत्ती मारायला वजीर गेला तर दार उघडं पडणार होतं, आणि म्हाताऱ्याचा घोडा नेमकी तिथेच उडी घ्यायला टपून बसला होता. हत्ती म्हणजे आमिष. वजीर जागचा हलवायचा नाही, प्यादं पुढे करून आधी घोड्याला हुसकायचं. त्याने हात बाहेर काढला.

तेवढ्यात गावचा पाटील बोलला. आवाजही चढवला नाही त्याने. “राहू द्या रे. सासुरवाडी तिकडची आहे त्याची. सासऱ्याचा हत्ती कसा मारेल तो?”

या वेळी कुणी हसलं नाही. सगळं गाव कासाराकडे बघू लागलं.

त्याचा हात हवेतच थांबला. मग त्याने वजीर उचलला आणि हत्ती मारला.

हलगी कडाडली. माणसं नाचली, पाटलाने फेटा उडवला. त्या गोंगाटात म्हाताऱ्याने घोडा ठेवला आणि म्हणाला, “शह. आणि मात.” त्याला ते पुन्हा म्हणावं लागलं. पहिल्यांदा कुणाला ऐकूच गेलं नाही.

तळं गेलं. गुरं मिळेल त्या भावाने गेली, मग माणसंही गाव सोडू लागली. आणि पाटलाने काय केलं? चावडीच्या भिंतीत कोनाडा पाडून मारलेला हत्ती त्यात बसवला, वर कुंकू लावलं. कोरड्या घशाची माणसं त्याला हात जोडत आणि म्हणत, “एवढा हत्ती मारला होता आपण. घात केला तो कासाराने. बायकोच तिकडची.”

ती बायको एक दिवस घागर घेऊन माहेरच्या माणसांकडे पाणी मागायला गेली. तळ्यावर तोच म्हातारा राखणीला बसला होता.

“पोरी, एक विचारू?” तो म्हणाला. “तुझ्या नवऱ्याला माझा डाव दिसला नव्हता का?”

“दिसला होता, काका.”

“मग?”

“हे तुमच्याशी खेळतच नव्हते. आमच्या गावाशी खेळत होते.”

म्हाताऱ्याने तिला रांगेच्या शेवटी उभं राहायला सांगितलं. तिची पाळी आली तेव्हा घागरीत नुसता गाळ आला.

तात्पर्य: समोरच्याची खेळी ओळखायला विचार लागतो आणि विचाराला वेळ लागतो. तो वेळ मागणाऱ्याला जे गाव फितूर ठरवतं, त्याला हरवताना समोरच्याला फारसे कष्ट पडत नाहीत.