फेट्याचा तुरा

फलटणच्या त्या लग्नात उज्ज्वला शिंगाडे सकाळपासून दातओठ खात फोटो काढत होती. नवरदेवाचे थोरले चुलते आबासाहेब गळ्यात नवा कॅमेरा अडकवून नेमके तिच्यापुढे उभे राहत. हळदीच्या प्रत्येक फोटोत हळद कमी आणि त्यांच्या फेट्याचा तुराच जास्त आला होता.

स्टेजवर अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली आणि आबासाहेब पुन्हा आडवे आले. अंतरपाट काही दोनदा दूर होत नाही.

"आबासाहेब, जरा बाजूला व्हा."

"का म्हणून? मीही फोटोग्राफरच आहे. कॅमेरा तुझ्यापेक्षा भारी आहे माझा."

मुलाकडचे पडले, त्यांना कोण बोलणार? मुलीच्या वडिलांनी डोळ्यांनीच उज्ज्वलाला गप्प राहायला विनवलं. तिने कॅमेरा खाली घेतला.

"बरं झालं, मला सुट्टी मिळाली. आता सगळे फोटो तुम्हीच काढा. फक्त आमच्या धंद्याची रीत पाळा. फोटोग्राफर फोटोत नसतो. आताही नाही आणि नंतर घरच्यांच्या फोटोतही नाही. इतकी लग्नं केली मी, पण एकाही अल्बममध्ये सापडायची नाही."

आबासाहेबांनी स्टेजकडे पाहिलं. त्यांचा धाकटा भाऊ नवरदेवाला खेटून, छाती काढून उभा होता. आबासाहेबांनी कॅमेरा गळ्यातून काढून खुर्चीवर ठेवला आणि ते लगबगीने स्टेजवर चढले. भावाला थोडं सरकवून त्यांनी वरूनच विचारलं, "तुरा नीट येतोय ना?"

"आत्ता येतोय," डोळ्याला कॅमेरा लावत उज्ज्वला म्हणाली, "जिथं यायला हवा तिथं."