गजान्तलक्ष्मी बँकेची शेवटची तिजोरी

गजान्तलक्ष्मी बँक बुडून अकरा महिने झाले, तरी तिची एक तिजोरी काही विकली जात नव्हती! आणि ती विकल्याशिवाय कुणाही ठेवीदाराला पै मिळणार नव्हती. राजे मानाजीरावांचा हुकूमच तसा होता: बँकेची एकूण एक वस्तू वहीतल्या किमतीला विका, मगच पैसे वाटा.

तिजोरीची वहीतली किंमत पाच हजार. आत म्हणे काही नाही, किल्ली हरवलेली, दारावर दरबारची मोहर. कोण वेडा घेणार?

बँकेचे मालक अप्पाराव हरणमाळे दरबारात गंगाजळ हातात घेऊन म्हणाले होते, "तिजोरीतली चांदी लोकांनीच काढून नेली, महाराज! गर्दीत किल्लीही गेली. माझ्यापाशी फुटकी कवडी उरली नाही." राजाने मान डोलावली. रेशमी उपरणं खोटं बोलत नाही, अशी राजांची समजूत असते.

विक्रीच्या कामावर दाजीसाहेबांची नेमणूक झाली. हे पूर्वीचे बँक-तपासनीस. बँक बुडायच्या आदल्याच महिन्यात "तिजोरी चांदीने भरलेली आहे" असा दाखला यांनीच दिला होता! आता त्यांना रोजचा भत्ता पाच रुपये, तोही बँकेच्याच पैशातून. खुर्च्या विकल्या, घड्याळ विकलं, दौतीसुद्धा विकल्या. सगळं भत्त्यात जिरलं. तिजोरी उरली म्हणजे काम उरलं, आणि काम उरलं म्हणजे भत्ता चालू. दाजीसाहेबांना घाई कसली?

घाई होती हमालीण ठमाबाईला. बाजारपेठेतल्या बावीस हमालांनी पै पै जमवून या बँकेत साडेतीनशे रुपये ठेवले होते. कुणाची पाठ मोडली तर त्याच्या औषधपाण्याला म्हणून. आणि पाठ मोडली होती ठमाच्याच नवऱ्याची. वर्षभर तो अंथरुणावर होता.

ती थेट दरबारात गेली.

"महाराज, ती तिजोरी इकायची हाय का सांभाळायची हाय?"

दाजीसाहेब खेकसले, "बाई, ही कायद्याची कामं आहेत. तुला काय कळतंय?"

"मला एवढंच कळतंय साहेब, की मी अकरा महिने एक पोतं उचलत बसले असते तर मला कुणी पाच रुपये रोज दिला नसता!"

दरबारात खसखस पिकली. राजाला राग आला. "फार जीभ चालते तुझी! मग तूच विकून दाखव. आठ दिवसांत, पाच हजारांना. नाही जमलं तर तुझ्या हमालांचे साडेतीनशे बुडाले म्हणून समज!"

"इकते. पर माझ्या मनाजोगती दवंडी पिटवा."

"कसली?"

"लिलाव भर चौकात, महाराजांच्या म्होरं. आन् दुपारपातुर गिऱ्हाईक नाही आलं, तर बावीस हमाल तिथंच घणानं तिजोरी फोडतील. आतली हवा तरी समद्यांस्नी बघू द्या!"

राजा म्हणाला, "कबूल!" अप्पारावांचा चेहरा उतरला. दाजीसाहेबांना एकाएकी खोकला आला.

आठव्या दिवशी चौक फुलून गेला होता. हमाल घण घेऊन उभे. सूर्य माथ्यावर आला, तरी बोली नाही. ठमाने हात वर केला. पहिला घण उचलला गेला...

"थांबा! पाच हजार!" अप्पाराव ओरडले.

"सहा हजार!" दाजीसाहेब ओरडले.

लोक बघतच राहिले. अप्पारावांनी दात खाल्ले. "आठ!"

"नऊ!"

"दाजी, गप्प बसा!"

"तुमच्या हातात तिजोरी देऊन माझी मान अडकवू? दहा हजार!"

"चौदा!" अप्पाराव किंचाळले, आणि नोकराने गाडीतून रुपयांच्या थैल्या आणून धडाधड टाकल्या. ठेवीदारांचं सगळं देणं अकरा हजारांचं होतं!

राजा चक्रावला. "अगं, या रिकाम्या तिजोरीत असं आहे तरी काय?"

"चार पेट्या, महाराज. वर चांदीचा एक थर, खाली खिळे!"

"तुला कसं ठाऊक?"

"तपासणीच्या आदल्या दिवशी त्याच पेट्या दुसऱ्या शाखेतनं इथं यायच्या. तपासणी झाली की परत तिकडं. आमचीच माणसं वाहायची. ओझं पाठीवर घ्यायच्या आदी आमी ते कोपऱ्यावर कलतं करून बघतो, आतला माल सरकतो का. थैल्यांतली चांदी सरकत नाही, ह्यो माल खळाखळा सरकायचा. आमी ह्या दोघांना सांगितलं, तर म्हणाले, 'हमालानं उचलावं, विचारू नये.' शेवटी जिन्यावर माल सरकला, माझ्या धन्याची पाठ मोडली. फळी निखळून खाली सांडले ते खिळे! त्या खेपंला पेट्या परत न्यायच्या आदीच बँक बुडाली, आन् त्या तिजोरीतच ऱ्हायल्या."

"मग हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"खिळे दाखवले असते तर तुमी आमाला खिळेच वाटले असते, महाराज! इकून येईल तेवढंच वाटायचं, असाच हुकूम हुता. आमाला रुपये हवे हुते. ते कुठं दडलेत हे ह्यांच्याबिगर कुणाला ठावं? फुटकी कवडी नव्हती ना ह्यांच्यापाशी? मोजा की आता! आन् पाच रुपये रोजावर दहा हजारांची बोली लावणाऱ्या साहेबांचंबी घर बघा!"

राजा असा खो खो हसला, की छत्र धरणाऱ्याचा हात हलला. "अरे, धरा या दोघांना! आणि एकूण एक ठेवीदाराचे पैसे इथंच, आत्ता चुकते करा!"

सांज होईतो हमालांचे साडेतीनशे ठमाच्या ओच्यात पडले, आणि नवऱ्याच्या औषधपाण्याचा खर्च अप्पारावांच्या थैलीतून निघाला.

"आता तुला काय बक्षीस देऊ? माग!"

"तिजोरीच द्या, महाराज."

"ती कशाला?"

"एवढ्या लोखंडात चार हातगाड्यांची चाकं निघतील. पुन्हा कुणाची पाठ नको मोडायला." ठमाने पदर खोचला आणि घण उचलला. "आन् खिळे तर आत तयारच हायेत!"