गव्याचा खांदा

डोंगरात अजून पायवाटही पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका म्हाताऱ्या गव्याच्या खांद्याला मोठी जखम झाली. माकडीण रोज सकाळी दगडीपाला चावून त्यावर लेप लावायची. तरी जखम चिघळतच चालली. गवा चरेना, दिवसभर तापाच्या गुंगीत पडून राही. आपल्या पाल्यात गुणच उरला नाही की काय, या काळजीने माकडीण सुकून गेली.

एकदा लेप लावून ती झाडावरच बसून राहिली. थोड्या वेळाने पाणमांजर आलं आणि त्याने ओल्या शेवाळाने जखम पुसून लख्ख केली. मग साळुंकी आली. जखमेत खोल शिरलेल्या अळ्या वेचताना तिने ती पुन्हा उकरली आणि तशीच उघडी टाकून निघाली.

माकडीण तरातरा खाली उतरली. "माझा लेप पुसतोस होय रे?"

"लेप होता तो? मला वाटलं, चिखल लागलाय," पाणमांजर म्हणालं.

"आणि मी अळ्या काढल्यावर कुणी धूत का नाही?" साळुंकी फणकारली.

गव्याने एक डोळा उघडला. "भांडा बाबांनो. फक्त उद्याही असेच एका वेळी या."

दुसऱ्या दिवशी साळुंकीने आधी अळ्या वेचल्या, पाणमांजराने जखम धुतली आणि शेवटी लेप बसला. हळूहळू जखम भरली. तरी तिघं रोज सकाळी येत राहिली, आणि त्यांची चाहूल लागली की गवा थोडं लंगडून दाखवत राहिला.