उलट्या पावलांची कहाणी

ऐका गौराबाई, तुमची कहाणी. हातात अक्षता घ्या बायांनो, आणि कुजबूज थांबवा. हो, तुलाच म्हणते आहे.

आटपाट नगर म्हणा, नाहीतर आपलंच गाव म्हणा, तिथं एक कापडवाला होता. त्याची बायको भागीरथी. घर चांगलं, नवरा चांगला, कोठीत धान्य, देव्हाऱ्यात देव. कशाला काही कमी नाही. मग कापडवाल्यानं काळी फरशी आणली. घरात घातली, ओसरीवर घातली, अंगणात थेट फाटकापर्यंत घातली. अशी लख्ख, की वाकून बघावं तर आपल्याच कपाळाचं कुंकू दिसावं. त्या दिवसापासून भागीरथीचा जीव फरशीत गेला. नवरा घरी आला की आधी त्याच्या पायांकडे बघायची, मग तोंडाकडे.

एवढी फरशी एकटीच्यानं पुसवेना. मग तिनं पुसायला बाई लावली.

पहिली आली तान्ही. तान्ही पुसता पुसता ओव्या म्हणायची. भागीरथी म्हणाली, "पुसायला आलीस की जात्यावर बसलीस?" तिला काढून टाकलं. दुसरी आली कोंडाबाई. कोंडाबाई वयानं थकलेली, उठताना भिंतीला हात टेकायची. भिंतीवर बोटं उमटली. तिलाही काढून टाकलं. तिसरी आली धुरपा. ही गायची नाही, टेकायची नाही. सकाळी यायची, पदर खोचायची, कानाकोपरा पुसायची. भागीरथीला नाव ठेवायला जागा मिळेना. आणि नाव ठेवायला मिळालं नाही की काही बायकांना अन्न गोड लागत नाही. हसू नका, मी कुणाचं नाव घेतलं नाही.

मग एके दिवशी तिला खोट सापडली. पुसून झाल्यावर धुरपा ओल्या फरशीवरून निघाली, तशी मागं पावलं उमटली. भागीरथी म्हणाली, "धुरपे, तुझी पावलं उमटतात. मग पुसून उपयोग काय?"

धुरपा हसली. म्हणाली, "मंग जाऊ कशी बाई? उडून?"

भागीरथी म्हणाली, "उडू नकोस. उलटी जा. तोंड घराकडं कर, पाठ फाटकाकडं कर. एक पाऊल मागं टाकायचं, पुढचं पुसायचं. असं करत करत फाटकाबाहेर जायचं. घरात कुणी येऊन गेलं, असं दिसताच कामा नये."

धुरपाचं हसू गेलं. ती बरं म्हणाली.

मग धुरपा चैत्रात उलटी गेली, आषाढात उलटी गेली, श्रावणात उलटी गेली. कंबर वाकलेली, हातात फडकं, शेजारी बादली. रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. भागीरथीला वाटायचं, लोक फरशी बघतात.

असं करता करता भाद्रपद आला. उद्या गौर यायची. भागीरथीनं गौरीच्या साड्या ओसरीवर चौरंगावर काढून ठेवल्या. उंबऱ्यापाशी वाटीत कुंकू कालवून ठेवलं, गौरीची पावलं काढायला. मग धुरपाकडून फरशी पुसून घेतली. पुसून झाली तर म्हणे, इथं डाग राहिला. पुन्हा पुसली. तर म्हणे, माशी बसली. धुरपा म्हणाली, "बाई, दुपार झाली. घरी चूल पेटवायची हाय." भागीरथी म्हणाली, "गौर काय डागावर पाय देईल? पूस अजून एकदा."

मग धुरपानं तिसऱ्यांदा पुसायला घेतली. घर पुसलं, उंबऱ्याबाहेर आली. ओसरी पुसत मागं मागं चालली. फरशी ओली, पाय ओले, डोळ्यांवर झापड. मागं पायरी आहे हे रोज ठाऊक असायचं, त्या दिवशी विसरली. पाय गेला. धुरपा पाठीवर अंगणात पडली, हात अंगाखाली आला, बादली ओसरीवर कलंडली. सगळं पाणी चौरंगाखाली गेलं, लोंबणारे पदर भिजले, कुंकवाची वाटी उलटली, ते लाल पाणी पायऱ्यांवरून खाली आलं.

आवाज ऐकून भागीरथी धावली. आता ऐका, बायांनो, कशाकडं धावली ते. साड्यांकडं धावली. साड्या छातीशी धरून ओरडली, "गौरीची वस्त्रं गेली गं माझी! केलंस काय हे?"

धुरपा खाली बसली होती, उजवं मनगट डाव्या हातात धरून. म्हणाली, "बाई, म्या पडले."

भागीरथी म्हणाली, "पडलीस ते दिसतंय. आता हे पुसायचं कुणी?"

हे वाक्य मी दरवर्षी वाचते, आणि दरवर्षी इथं माझा आवाज बसतो. जरा पाणी द्या.

मग धुरपा उठली. डाव्या हातानं फडकं घेतलं. ओसरी पुसली, पायऱ्या पुसल्या. भागीरथीनं साड्या आत नेल्या आणि रागारागानं दार लावून घेतलं. अंगण राहिलं होतं. आता तिला कुणी बघत नव्हतं, धुरपानं सरळ निघून जावं की नाही? पण मेली सवय अशी, की जात नाही. ती उलटीच निघाली. एका हातानं पुसता येईना. मग ती नुसतीच मागं मागं गेली. पाय कुंकवात भिजलेले. फाटकापर्यंत तिची पावलं उमटत गेली.

भादव्याचे दिवस, पण त्या रात्री पावसाचा थेंब पडला नाही. सकाळी शेजारणी सडा घालायला बाहेर आल्या, तर बघतात काय? भागीरथीच्या अंगणात कुंकवाची पावलं. फाटकापासून पायरीपर्यंत एकामागं एक, बोटं घराकडं, टाचा रस्त्याकडं. कुणी हातानं काढलेली नाहीत, खऱ्या पायाची पावलं. पहिली म्हणाली, "अगोबाई, गौर आपल्या पायांनी आली!" दुसरी म्हणाली, "गावात कुणाकडं गेली नाही, हिच्याकडं आली!" तिसरी म्हणाली, "काय पुण्याई गं तुझी, भागीरथे!"

भागीरथी दारात आली. पावलं बघितली. बघताक्षणी तिला कळलं, हे कोण ते. कुंकू कसं सांडलं हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. उलटी जा हे तिनंच शिकवलं होतं. खरं सांगायला एवढंसं तोंड उघडायचं होतं. पण शेजारणी तिच्याकडं अशा बघत होत्या, जशा कधी बघितल्या नव्हत्या. मग भागीरथी काही बोलली नाही. हळूच हसली आणि पदर डोक्यावरून घेतला.

झालं, गावभर बोभाटा झाला. बायका आल्या. कुणी पावलांभोवती रांगोळी घातली. कुणी त्यांवर हळद वाहिली. कुणी फुलं वाहिली. म्हाताऱ्या कोताऱ्या वाकून वाकून कपाळ टेकू लागल्या. काल ज्या पावलांना या अंगणात उमटायची चोरी होती, त्यांच्यावर आज गाव माथा टेकत होतं. भागीरथी दारात उभी राहून हळदीकुंकू घेत होती. तोंडात साखर कडू झाली होती, पण गिळत होती.

मग गौर आत घ्यायची वेळ झाली. गल्लीत सगळ्यांत थोरली राधक्का. मान तिचा. तिनं गौरीचा मुखवटा ताम्हनात घेतला, फाटकापासून चालत आली, ताट वाजवत बायका मागं आल्या. रीत तुम्हाला ठाऊकच आहे. गौर घेऊन येणारीनं विचारायचं आणि घरच्या बाईनं सोन्याच्या पावलांनी म्हणून सांगायचं, त्याशिवाय गौर उंबरा ओलांडत नाही. राधक्का उंबऱ्यापाशी थांबली. तिनं विचारलं, "गौर आली, कशाच्या पावलांनी आली?"

भागीरथीचं तोंड उघडेना.

बायका हसल्या. म्हणाल्या, हर्षानं गहिवरली. राधक्कानं दुसऱ्यांदा विचारलं, "गौर आली, कशाच्या पावलांनी आली?"

भागीरथीनं ओठ हलवले. आवाज फुटेना.

आता ताट वाजायचं थांबलं. राधक्कानं तिच्याकडं नीट बघितलं आणि तिसऱ्यांदा विचारलं, अगदी हळू, लेकीला विचारावं तसं. "भागीरथे, कुणाची गं ही पावलं?"

तशी भागीरथी मटकन उंबऱ्यात बसली. म्हणाली, "राधक्का, ही गौरीची पावलं नव्हेत. ही माझ्या कामवालीची, धुरपाची आहेत. ती येण्याची नव्हेत, जाण्याची आहेत. मी तिला रोज उलटी घालवत होते. काल ती माझ्या दारात पडली. तिचा हात मोडला. आणि मी साड्या उचलल्या."

जिनं कपाळ टेकलं होतं, तिनं कपाळाला हात लावून बघितला. कुणीतरी चुकचुकलं. कुणीतरी म्हणालं, इतका वेळ का नाही बोललीस? भागीरथीला वाटलं, ही फरशी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. फरशी कशाला दुभंगते? ती आपली तशीच चकचकत राहिली. भागीरथीला खाली मान घातली तरी स्वतःचं तोंड दिसत होतं.

मग ती म्हणाली, "राधक्का, मी काय करू?"

राधक्का म्हणाली, "मला काय विचारतेस? जिचा हात मोडला तिला विचार. आम्ही गौर घेऊन इथं उभ्या आहोत."

बायका म्हणाल्या, "मुहूर्त टळेल." राधक्का म्हणाली, "टळू दे." कुणी कुणी सांगतात, राधक्काच्या तोंडून गौरच बोलली. मला नाही तसं वाटत. म्हाताऱ्या बाईला एवढं कळायला देवी कशाला व्हावं लागतं?

मग भागीरथी निघाली. ओढ्यापलीकडं धुरपाचं खोपट. जन्मात कधी तिथं गेली नव्हती, तीन ठिकाणी विचारावं लागलं. धुरपा दारात बसली होती. हाताला हळदीचा लेप, वर चिंध्या बांधलेल्या. भागीरथीला बघून तिनं पदर सावरला. म्हणाली, "बाई, फरशी वाळली का?"

टोमणा नव्हता हो. तिनं खरंच विचारलं. टोमणा असता तर भागीरथीला बरं वाटलं असतं.

भागीरथी म्हणाली, "धुरपे, घरी चल. गौरीची एक साडी तुला देते." धुरपा म्हणाली, "साडी माझ्याकडं हाय." भागीरथी म्हणाली, "घरी चल. आजपासून तुला कधी बोलणार नाही." धुरपा म्हणाली, "तुमी बोलला त्याचं न्हाई काही. बोलून घ्यायची सवय हाय आमाला."

मग भागीरथीकडं द्यायला काही उरलं नाही, बोलायलाही उरलं नाही. ती धुरपासमोर जमिनीवर बसली. शेणानं सारवलेली जमीन, पण आज लुगड्याची काळजी केली नाही. तिनं विचारलं, "दुखतंय का गं?"

धुरपानं तोंड फिरवलं. मग म्हणाली, "लई दुखतंय." आणि रडायला लागली. काल पडल्यापासून पहिल्यांदा रडली. भागीरथीही रडली, पण तिनं धुरपाला हात लावला नाही. हात लावायचा हक्क आपल्याला नाही, एवढं तिला त्या दिवशी कळत होतं.

रडून झाल्यावर धुरपा म्हणाली, "येते. गौर उंबऱ्यात ताटकळलीय म्हणून येते. पण तुमच्यात कामाला परत यायची न्हाई." भागीरथी म्हणाली, "बरं."

मग दोघी आल्या. धुरपा पुढं, भागीरथी मागं. धुरपा अंगणातून सरळ चालत आली, पायरी चढली, उंबरा ओलांडून आत गेली. राधक्कानं गौर तिच्या मागून आत आणली. कुणी काही विचारलं नाही, कुणी काही सांगितलं नाही.

भाजीभाकरीचा नैवेद्य झाला. पहिलं पान धुरपाला वाढलं. तिचा उजवा हात बांधलेला. भागीरथी भरवायला वाकली, तर धुरपा म्हणाली, "नगं. माझं म्या खाईन." आणि डाव्या हातानं भाकरी मोडली. देवाचं जेवण आणि डावा हात! बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. धुरपाचा घास हातातच राहिला. मग भागीरथी तिच्या शेजारी बसली. आपला उजवा हात मांडीवर ठेवला. सगळ्यांच्या देखत डाव्या हातानं भाकरी मोडली आणि खाल्ली. मग राधक्का बसली, तिनंही डावा हात पुढं केला. गौर बघत होती, ती काही रागावली नाही.

धुरपाचा हात बरा झाला. ती दुसऱ्या घरी कामाला लागली, भागीरथीकडं कधी गेली नाही. भागीरथी स्वतः फरशी पुसू लागली. सगळं पूर्ववत झालं, पण लाज जाईना. रोज पायरी पुसताना यायची. मग ती राधक्काकडं गेली. म्हणाली, "उपास केला, दान केलं, लाज जात नाही." राधक्का म्हणाली, "घालवू नकोस. सांभाळ. हाच तुझा वसा. दरवर्षी गौर दारात आली की आपल्या हातून कुणाला काय झालं ते मोठ्यानं सांगायचं, मग तिला आत घ्यायचं. उतू नकोस, मातू नकोस, शोभेसाठी करू नकोस." भागीरथीनं तो वसा मरेपर्यंत पाळला. ही कहाणी पहिल्यांदा तिनंच सांगितली, स्वतःच्या उंबऱ्यात उभी राहून.

आता वसा पाळायचा तर वाचणारीपासून सुरुवात. आमच्या घरी मालन येते, सात वर्षं झाली. आज सकाळी तिला ताप होता. तिच्या हाताचा चटका लागला तेव्हाच मला कळलं. पण तुम्ही सगळ्या यायच्या होतात. मी म्हणाले, "मालन, एवढी भांडी आटप आणि मग पड हवी तर." ती मागं मोरीपाशी आहे. आत्ता भांड्यांचा आवाज येतो आहे ना, तो तिचाच.

जशी गौर भागीरथीच्या घरात आली, तशी तुमच्या आमच्या घरात येवो. साठ उत्तरांची कहाणी पाच उत्तरांत सांगून झाली. सुफळ संपूर्ण मात्र इतक्यात म्हणू नका. अक्षता हातात धरा, आणि त्या खुर्चीवरची पिशवी काढा कुणीतरी. मी मालनला घेऊन येते.